महिन्यातून दुसऱ्यांदा

दामिनी पुरण वाटत होती. समोरच्या खोलीत महालक्ष्म्या बसल्या होत्या आणि तिच्या अंगावर पहाटेपासून जात होतं.

या घरात बाई बाहेर बसली की तिची सावलीही देवाकडे जात नसे. पण दामिनी या महिन्यात एकदा बसून उठली होती. पुन्हा बसली असती, तर नवऱ्याने, भूपेशने, काहून म्हणून विचारलंच असतं. मग इंजेक्शन उघडं पडलं असतं.

दोन मुलींवर भूपेशला मुलगा हवा होता. दुसऱ्या बाळंतपणात दामिनी मरता मरता वाचली, तरी हवाच होता. शेवटी तिने गुपचूप दवाखान्यात जाऊन तीन महिन्यांचं इंजेक्शन घेतलं. ‘सुरुवातीला पाळी मागेपुढे होते, मधेच अंगावर जातं, घाबरू नका,’ नर्स म्हणाली होती. नर्सचं काय जातं! तिला थोड्याच रुख्माबाई सासू होत्या.

रुख्माबाई सोवळ्याच्या कडक. नातवासाठी सोमवार धरलेले. सकाळी त्यांनी दामिनीच्या हातातली पिवळी साडी काढून घेतली आणि सासऱ्यांनी हातमागावर विणलेलं जुनं, मरून रंगाचं लुगडं पुढे केलं. “हे नेस.” बस, एवढंच. सासूला कळलं की काय, म्हणून तेव्हापासून दामिनीच्या जिवात जीव नव्हता.

आरतीला ती सगळ्यांच्या मागे, भिंतीला चिकटून उभी राहिली. देवीचे डोळे आपल्यावरच आहेत असं तिला वाटत होतं. शिक्षा मला दे, पोरींना नको, ती मनात म्हणत होती. तेवढ्यात समई विझली.

“घरात कोनाचा विटाळ झाला काय?” भूपेश गरजला. त्याची नजर एकेका बाईवरून फिरत दामिनीवर येऊन थांबली.

“पंखा तूनंच लावला नं गा? मंग विझन नाही तं काय होईन?” रुख्माबाई म्हणाल्या, आणि त्यांनी समई पुन्हा लावली.

ताटं वाढायला दोघी स्वयंपाकघरात आल्या. दामिनी सासूचे पाय धरायला वाकली, पण शिवायची हिंमत होईना.

“आई, मले... मी...”

रुख्माबाईंनीच तिचा हात धरून तिला उठवलं. “मले ठावं हाय वं. इंजेक्शनचंबी. तुह्या बाळंतपणात रक्त पुसाले मीच होती नं?”

मग त्यांनी तिला पाठमोरी केली, लुगडं नीट निरखलं आणि मागून सारखं केलं.

“पिवळ्यावर डाग दिसते, पोरी. याच्यावर नाही दिसत.”