फोनातला बाबा

मस्कतहून दीड वर्षांनी घरी आलेला हेरंब दारातच अवघडून उभा राहिला. तो गेला तेव्हा लेक रांगतही नव्हती. आता ती आईच्या ओढणीआडून त्याच्याकडे टकामका पाहत होती.

"रेवा, बाबा आलाय. रोज फोनवर बोलतेस ना?" बायको म्हणाली.

लेक जागची हलेना. हेरंबने पुढे केलेले हात मुकाट्याने मागे घेतले.

तेवढ्यात ती दुडुदुडु पुढे आली आणि त्याची पँट चिमटीत धरून ओरडली, "आई, बाबाला पाय फुतले!"

फोनात तिला बाबाचा नुसता चेहराच दिसायचा. बायको हसून हसून खाली बसली.

रेवा मात्र त्याच्या पावलांवर चढली आणि गुडघ्यांना मिठी मारून म्हणाली, "आता चाल!"

सामान दारातच सोडून हेरंब घरभर चालत सुटला.