चिवचिव

बर्ड फ्लूची साथ आली आणि पोल्ट्रीतली सगळी पिलं एका दिवसात मारून पुरायचं काम त्याच्या टोळीवर आलं. तो मुळातच ताकही फुंकून पिणारा माणूस. अंगभर पांढरा सूट, हातात दोन-दोन मोजे, घरी निघण्याआधी औषधाच्या पाण्याने आंघोळ. दुपारी लेक डबा घेऊन आली, तर तो तिने कुंपणाबाहेरच ठेवायचा आणि मुकाट्याने घरी जायचं, असं त्याने लांबूनच दटावलं.

काम संपलं, पण घरी आला की पिलांची चिवचिव सुरू. जेवताना, पाठ टेकताना. शेवटी न राहवून त्याने मुकादमाला सांगितलं.

"पहिल्यांदा हे काम केलं की सगळ्यांनाच ऐकू येते," मुकादम म्हणाला. "जाईल आठवड्याभरात. मनाला लावून घेऊ नकोस."

चौथ्या दिवशी लेक तापाने फणफणली. तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवताना पुन्हा तीच चिवचिव आली, तसे त्याने दोन्ही कान गच्च दाबून धरले.

लेकीने डोळे किलकिले केले.

"बाबा, रागावू नकोस ना. कुंपणाबाहेर एकटंच होतं ते, म्हणून खिशात घालून आणलं."