काशाची वाटी

"आई, माझे पाय नका हो धरू," म्हणत मृदुलाने पाय जवळ ओढले. पण सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी फरशीवर बसल्याच. तिचे तळवे मांडीवर घेऊन त्यांनी तूप लावलं आणि काशाच्या वाटीने घासायला सुरुवात केली.

वैशाख लागल्यापासून मृदुला पडदे ओढून पडून होती. ना केस विंचरणं, ना स्वयंपाकघरात पाऊल. कुणी विचारलं, की "ऊन लागलंय" म्हणायची. अकोल्याच्या उन्हाळ्यात त्यावर शंका कोण घेणार? उगाच रडू येतं, कशातच जीव रमत नाही, हे सांगायची मात्र तिला लाज वाटायची. सगळं तर होतं तिच्याकडे. नवरा भला, सासू मायाळू. आणि तीच सासू आता सुनेचे पाय चोळत होती!

अंगातली उष्णता निघाली की तूप काळं पडतं, असं सासूबाई नेहमी सांगत. आता खोटं उघडं पडणार, म्हणून तिने डोळे गच्च मिटून घेतले.

वाटी थांबली तशी तिने भीतभीत पाहिलं. तूप जेमतेम मळकं झालं होतं.

"आई, निघाली का उष्णता?" नवऱ्याने दारातून विचारलं.

सासूबाईंनी वाटी चटकन पदराआड केली. "निघाली तर! काळंकुट्ट झालंय तूप. जा तू."

तो गेल्यावर त्या पदरानेच तिचे तळवे पुसू लागल्या. तिला मान वर करवेना.

"मलाही असंच ऊन लागायचं, पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "पौषातल्या थंडीतसुद्धा."