आडवी डहाळी

वेदगंगेच्या काठानं कड्यावरच्या जुन्या गावात चढायचं आणि पलीकडच्या वाटेनं पुन्हा नदीवर उतरायचं, ही माझी आणि उन्मेषची दरवर्षीची फेरी. मी पायानं अधू, म्हणून तो पुढं. जी वाट चुकीची, तिच्यावर तो डहाळी आडवी टाकतो. मी डोळे झाकून विश्वास ठेवतो.

गावात एका बाईनं पाणी दिलं. "पावणं, परत आलासा व्हय? आत्ताच दोघं खाली गेलासा की."

"दोघं?"

"तुमी आन् तुमचं दोस्त."

मी कड्याच्या टोकाशी गेलो. खाली उन्मेष चालला होता. शेजारी माझाच निळा शर्ट, लंगडत.

"उन्मेष!"

त्यानं वर पाहिलं. ओळखीचं हसून हात केला.

मग शांतपणे डहाळी तोडली आणि माझ्या उतरायच्या वाटेवर आडवी टाकली.