मागची सीट

“थांबलास कशाला?” मागच्या सीटवरून ताईने विचारलं.

धाकट्याने दोन सीटची ती लांबलचक सायकल पाय टेकवून सांभाळून धरली होती. समोर रस्त्याला फाटा फुटला होता. डावीकडे नवा डांबरी रस्ता डोंगराला वळसा घालत निवांत खाली जात होता. उजवीकडची जुनी वाट लाकडाच्या ट्रकांनी पार उखडून टाकली होती. ती सरळ उतारावर सुटली होती. नुसती खडी आणि खड्डे.

“फाटा आहे. आपण डांबरी घेतोय.”

“सकाळपासून डांबरीच घेतोयस.”

ताई पुन्हा चुळबुळली आणि हँडल हललं. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. कधी उगाच सीटवरून उठायची, कधी हात सोडून वाऱ्यात धरायची. दृष्टी जाण्याआधी ती असल्या वाटांवर एकटीच महिना महिना भटकायची. धाकटा घड्याळं दुरुस्त करायचा. भिंग लावून, श्वास रोखून करायचं काम. घाई त्याच्या बोटांना ठाऊकच नव्हती.

“निघताना तुझी भावजय काय म्हणाली, ऐकलंस ना? ताईंना खरचटलं तरी मला घरात घेणार नाही.”

“मग अंगणात झोप. हवा छान असते.”

तो हसला नाही. त्याने सायकल डावीकडे वळवली.

“डांबरावर मला काही दिसत नाही रे,” ताई म्हणाली.

तो थबकला.

“नुसता पंख्यासारखा वारा लागतो. डोंगरावर आहे की घरी खुर्चीत बसवलीय, काही कळत नाही. खड्डा आला की कळतं, कुठेतरी आहे मी.”

धाकट्याने घाम पुसला. मग हँडल उजवीकडे फिरवलं.

उतार सुरू होताच सायकल खुळखुळ्यासारखी वाजू लागली. दोन्ही ब्रेक आवळून तो ओरडत होता, “दगड! खड्डा! ताई, सांभाळ!”

“सांगू नकोस!” ती मागून ओरडली. “येऊ दे!”

वळणावर पुढचं चाक खडीत सरकलं आणि दोघं आडवी झाली. धाकटा धडपडत उठला. ताई वाटेच्या कडेला बसली होती. कोपरातून रक्त येत होतं. तिच्या पाठीमागे हातभर जमीन होती आणि त्यापुढे काहीच नव्हतं. त्याने तिला दंडाला धरून ओढलं, पार आतल्या अंगाला.

“पुरे झालं!” त्याचा आवाज फाटला. “मेलो असतो आत्ता!”

“दरी होती ना? वारा खालून लागत होता.” तिने चाचपडत त्याचा हात धरला. मग म्हणाली, “घाबरवलं मी तुला. चल, आता चालत उतरू. तू म्हणशील तसं.”

धाकटा सायकलपाशी गेला. चाक फिरवून पाहिलं, वाकलेलं हँडल गुडघ्यात धरून सरळ केलं.

“बस मागे,” तो म्हणाला.

दोघं उतरत राहिली. आता तो ओरडत नव्हता. दगड येत होते, मागून कधी “हं”, कधी “आई गं” ऐकू येत होतं, आणि एकदा तर खळखळून हसू.

पायथ्याला चाकं एकदम गुळगुळीत डांबरावर आली. खडखडाट थांबला. मागचं हसूही थांबलं.

“संपली?” ताईने विचारलं.

पुढचा रस्ता गावापर्यंत मोकळा पडला होता, काळाभोर, सरळ. धाकट्याने मागेपुढे पाहिलं. सायकल हळूच रस्त्याखाली, कडेच्या दगडगोट्यांत उतरवली.

“नाही,” तो म्हणाला. “पुढे फारच वाईट आहे. घट्ट धर.”