बावीस सेकंद

आमच्या दारावरून जाणारा जुना हमरस्ता नवा करायला घेतला. तीस वर्षं आम्ही तो जीव मुठीत धरून ओलांडला. आता पलीकडे बसथांबा, मधे पांढरे पट्टे आणि चालणाऱ्यांसाठी हिरवा दिवा येणार होता. दिवा किती वेळ ठेवायचा ते ठरवायला इंजिनियर म्हातारं माणूस शोधत फिरत होता. नेमका माझ्याच दारात थांबला.

"आजी, रस्ता ओलांडून दाखवता? तुम्हाला लागेल तेवढा वेळ दिवा हिरवा ठेवू."

"आजी असेल तुझ्या घरी," म्हणत मी पदर खोचला.

त्याच्या माणसांनी गाड्या अडवल्या. सगळी गल्ली बघायला जमली. मी अशी तरातरा गेले की त्याचं घड्याळ बावीस सेकंदांवरच थांबलं. सून काहीतरी सांगायला पुढे आली, तिला मी डोळ्यांनीच गप्प केलं.

दिवा सुरू झाला त्याच दिवशी माझ्या थोरल्या जाऊबाई बससाठी निघाल्या. अर्ध्या रस्त्यात दिवा लाल झाला. दोन्हीकडून गाड्या, आणि मधे त्या, पिशवी छातीशी धरून उभ्या. शेवटी एका ट्रकवाल्याने खाली उतरून त्यांना हाताला धरून पलीकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी मी इंजिनियरच्या कचेरीत गेले. "पुन्हा मोज," म्हटलं.

"अहो, तुमच्याच चालीवर तर लावलाय! आणि ही काठी कुणाची?"

"माझीच. त्या दिवशी दाराआड ठेवून आले होते."