फिक्रीचा डावा हात

मोटरसायकल बेडकासारखी उडाली आणि पुन्हा बंद पडली. फिक्री कसाबसा पायांवर सावरला. त्याचा डावा हात मात्र डोक्यावर जाऊन बसला होता.

"खाली घे तो हात!" हिल्मी ओरडला. "डोक्यावर मुकुट आहे का तुझ्या?"

फिक्रीने ओशाळून हात खाली घेतला. डोक्यावर काहीच नव्हतं, आणि घोळ नेमका तिथेच होता. मिसरूड फुटल्यापासून त्याने कैरोच्या या गल्ल्यांतून सायकलवर रोट्या पोचवल्या होत्या. दाराएवढी जाळीदार फळी डोक्यावर, तिच्यावर गरम रोट्यांची चळत, उजवा हात हँडलवर. धक्का बसला की डावा हात आपसूक वर, फळी धरायला. मोटरसायकलवर त्याच हाताखाली क्लच होता. जरा गचका बसला की हात क्लच सोडून डोक्याकडे धावायचा आणि गाडी त्याहून मोठा गचका द्यायची.

"आणि रेस देतोस की धुणं पिळतोस?" हिल्मीची टकळी चालूच होती. तोही एके काळचा रोटीवाला. आता मोटरसायकलवरून भाजीबाजारात माल पोचवायचा. "हळू रे, हळू. बायको झोपलीय आणि तुला गुपचूप दार उघडायचंय, असं समज."

"माझी बायको झोपतच नाही," फिक्री घाम पुसत म्हणाला.

भट्टीचा मालक बसयूनी मैदानाकडच्या मागच्या दारात उभा राहून हे सगळं बघत होता. त्याने सकाळीच सांगून टाकलं होतं: सायकली बंद. संध्याकाळच्या रोट्या मोटरसायकलवर नेता आल्या तर गल्ल्या फिक्रीच्या, नाहीतर फिक्रीने आत बसून पीठ मळावं, बाहेर दुसरा माणूस जाईल. पगार तोच. पोटाचा प्रश्न नव्हताच. पण त्या गल्ल्या दुसऱ्या कुणाच्या होणार, हे फिक्रीला सोसवत नव्हतं. कुठल्या सज्ज्यातून कुठली टोपली दोरीने खाली येते, कुणाला कडक लागते, कुणाला दात नाहीत म्हणून मऊ, हे त्या नव्या माणसाला कोण सांगणार?

"याला सांगून उपयोग नाही," असं म्हणून हिल्मी आत गेला आणि फिक्रीचीच फळी उचलून घेऊन आला. वर कालच्या शिळ्या रोट्या रचलेल्या. "बस. डोकं पुढे कर."

"वेड लागलं का तुला?"

"मीही असाच शिकलोय, गाढवा. बस म्हणतो ना."

फळी डोक्यावर टेकली आणि फिक्रीची पाठ ताठ झाली, खांदे सैल पडले. रोट्या पडू द्यायच्या नाहीत, एवढं एकच त्याला आयुष्यात पक्कं माहीत होतं. उजवं मनगट अगदी किंचित वळलं. डाव्या बोटांनी क्लच असा सोडला, जसा निजलेल्या पोराच्या मानेखालून हात काढून घ्यावा. गाडी निघाली. मग रेस कमी, क्लच आत, पायाच्या चवड्याने दुसरा गिअर. नंतर तिसरा. मैदानाला वळसा घालून तो परत आला तेव्हा रोट्या होत्या तशाच होत्या.

"धक्काच दिला नाहीस, मग हात वर जाईल कशाला?" हिल्मी म्हणाला आणि त्याने फळी उतरवून घेतली.

 बसयूनीने गाडीच्या मागच्या पेटीत ताज्या रोट्या भरल्या, पट्टा आवळला आणि हाताने गल्लीची वाट दाखवली.

फिक्रीला इतका आनंद झाला होता की पहिल्या वळणावर तो एकटाच हसला. डोकं हलकं होतं. डोक्यावर फळी असताना वर बघता येत नाही. या गल्ल्यांत त्याने आज पहिल्यांदाच मान वर केली. वाळत घातलेले कपडे दिसले, कबुतरांची खुराडी दिसली, सज्ज्यांमधून वाकलेली माणसं दिसली.

उम्म नाहिदची टोपली पाचव्या मजल्यावरून खाली आली. गुडघे गेल्यापासून ती स्वतः कधी खाली उतरली नव्हती. तिच्या खणखणीत आवाजावरून फिक्रीने मनात एक धिप्पाड बाई उभी केली होती. वर दिसली ती चिमणीएवढी म्हातारी.

"तू नवा का रे, बाळा?" तिने वरून विचारलं. "फिक्री कुठंय? आजारी नाही ना?"

फिक्रीने सवयीने शीळ घालायला ओठ पुढे काढले आणि तसेच मिटले. इतकी वर्षं त्याने तिच्या हाकेला शीळ घालूनच ओ दिली होती, कारण बोललं की मान हलते.

"त्याचं तोंड काही मी कधी पाहिलं नाही," म्हातारी सांगत होती. "वरून नुसत्या रोट्याच दिसायच्या. पण माणूस सोन्यासारखा. करपलेली रोटी एकदासुद्धा टाकली नाही माझ्या टोपलीत. त्याला सांग, उम्म नाहिदने सलाम सांगितलाय."

मीच तो, एवढंच म्हणायचं होतं.  पण तिच्या तोंडून तो माणूस इतका चांगला ऐकू येत होता, की त्याला मध्ये जाऊन उभं राहावंसं वाटेना.

"सांगतो, हाज्जा," तो म्हणाला. रोट्या टोपलीत ठेवल्या, मऊ मऊ तेवढ्या निवडून.

"आणि हे बघ," टोपली वर ओढता ओढता ती म्हणाली, "तो भेटला तर त्याच्याकडून काम शिकून घे हो जरा."